आबाजीची खंजिरी आणि सत्तर हजारांचा प्रश्न

मृग बहाराचा संत्रा विकला गेला आणि बाबांनी माझ्यासाठी सत्तर हजार बाजूला काढले. म्हणाले, "लॅपटॉप घे, पण आधी सांग, तुले त्यात कराचं काय हाये?"

मला गाणी रेकॉर्ड करायची होती. नेमकं सांगायचं तर आबाजींची भजनं. आमच्या शेंदूरजनाघाटात, खरं तर अख्ख्या वऱ्हाडात, तुकडोजी महाराजांमुळे खंजिरी घरोघरी पोचली. आबाजींच्या भजनी मंडळात एकेकाळी अकरा जण होते, आता पाच उरलेत. आबाजी एक्याऐंशीचे आहेत. त्यांचं गाणं फक्त एका जुन्या कॅसेटवर आहे. टू-इन-वनवर देवळात भरलेली ती कॅसेट लावली की खंजिरी ठणठण वाजते आणि आबाजी विहिरीच्या तळातून गातायत असं वाटतं. खंजिरीचा आवाज कमी करायला गेलो तर आबाजींचाही कमी होतो, कारण दोन्ही एकाच पट्टीवर आहेत.

अमरावतीच्या दुकानात गेमिंग लॅपटॉप दाखवले. युट्यूबवर प्रत्येक जण वेगळं सांगत होता. मग मी कॉन्फिगरेशन वाचणं सोडलं आणि घरी गाणं रेकॉर्ड करणं शक्य कसं झालं, ते वाचायला घेतलं.

सुरुवात १९०२ सालापासून. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग कलकत्त्यात आला आणि त्याने गौहर जानचं गाणं भरून घेतलं. माइक नव्हता, कर्णा होता. गायक आणि साथीदार सगळे त्याच्यापुढे एकत्र. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. त्या तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात. म्हणजे आपला आवाज परत ऐकायला समुद्र ओलांडावा लागे.

हे अंतर पुढे कमी होत गेलं. १९६३मध्ये फिलिप्सची कॅसेट आली आणि ऐंशीच्या दशकात ती भारतातल्या खेड्यापाड्यांत शिरली. १९७९मध्ये टास्कॅमचा 'पोर्टास्टुडिओ' आला. साध्या कॅसेटवर चार ट्रॅक वेगवेगळे भरता येऊ लागले. आबाजींच्या कॅसेटचा रोग इथे बरा होणार होता, पण तो डबा आमच्या गावापर्यंत पोचलाच नाही.

१९८३मध्ये 'मिडी' ठरलं, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाद्यांनी आणि कॉम्प्युटरने एकमेकांशी बोलायची भाषा. १९८५चा अटारी एसटी संगीतकारांनी उचलून धरला, त्याचं एक मोठं कारण म्हणजे त्याला मिडीची भोकं कंपनीतूनच होती. माझा पहिला धडा हाच : यंत्र किती ताकदवान यापेक्षा त्यात आवाज आत कसा जातो, ते आधी बघा.

१९९२मध्ये ए. आर. रहमान यांनी मद्रासला घराच्या मागच्या अंगणात पंचतन रेकॉर्ड इन उभा केला. त्याच वर्षी 'रोजा' आला. घरातला स्टुडिओ म्हणजे हौशी काम, ही समजूत तिथेच मोडली.

१९९६मध्ये जर्मनीच्या स्टाइनबर्ग कंपनीने व्हीएसटी आणलं. हे शेंदूरजनाघाटच्या माणसाला पटकन कळेल. आमच्याकडे संत्र्याच्या रोपवाटिका आहेत. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतात. खुंट एकाचा, फळ दुसऱ्याचं. व्हीएसटी तसंच : मूळ सॉफ्टवेअर एका कंपनीचं, त्यावर वाद्य किंवा इफेक्ट दुसऱ्याच कुणाचा. पुढच्याच वर्षी त्यांनी 'आसिओ' आणलं, त्यामुळे विंडोजवर आवाजाचा उशीर कमी झाला. हा उशीर साधा हिशेब आहे. सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले आणि बफर १,०२४ ठेवला, तर २३ मिलिसेकंद लागतात. १२८ ठेवला तर तीनच. येण्याजाण्याचा धरून आणखी थोडा. ठेका धरणाऱ्याला २३ मिलिसेकंद जाणवतात.

फ्रूटीलूप्स, म्हणजे आजचा एफएल स्टुडिओ, १९९७चा. विनॅम्प लिहिणाऱ्या जस्टिन फ्रँकेलने पुढे रीपर काढलं. पण सॉफ्टवेअर मरतंही. २००२मध्ये ॲपलने लॉजिक बनवणारी कंपनी घेतली आणि विंडोजवरचं लॉजिक बंद केलं. २०१७मध्ये केकवॉकचं काम थांबलं. दुसऱ्या कंपनीने ते विकत घेऊन फुकट दिलं, म्हणून वाचलं. दुसरा धडा : सॉफ्टवेअर कुठलंही घ्या, मूळ ट्रॅक वेव्ह फाइल म्हणून वेगळे ठेवा. वेव्ह फाइल कुठेही उघडते.

एवढं वाचून मला वाटलं, आपल्याला सगळं कळलं. आठ इनपुटचा इंटरफेस, प्रत्येकाला वेगळा माइक, भारी लॅपटॉप. घ्यायच्या आधी मित्राचा लॅपटॉप आणून एक रात्र चाचणी केली. कूलर बंद, पंखा बंद. आबाजींना हेडफोन लावला, म्हटलं, आधी फक्त आवाज देऊ, खंजिरी नंतर वेगळी भरू.

आबाजी दोन ओळी गायले आणि थांबले. हेडफोन काढून म्हणाले, "हातात खंजिरी नसली त मले सूरच सापडत नाही बाप्पा."

तेव्हा माझ्या वाचनातली फट दिसली. १९७९पासूनचा सगळा इतिहास गाणं सुटं करण्याचा आहे. २०२४मध्ये 'तांबडी चामडी' नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सवरून आलं. त्या तऱ्हेच्या संगीतासाठी सुटे ट्रॅक म्हणजे वरदान. भजन तसं नाही. ते एकमेकांच्या श्वासावर चालतं. त्याला १९०२ची बसण्याची पद्धत हवी : सगळे एकत्र, फक्त कर्ण्याच्या जागी बरे माइक. कॅसेटमध्येही ट्रॅक कमी होते, ही अर्धीच चूक. खरी चूक ही की टू-इन-वन खंजिरीजवळ ठेवला होता.

मग यादी लहान झाली. साधा विंडोज लॅपटॉप, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी. गेमिंगचं ग्राफिक कार्ड नको, कारण त्याच्या पंख्याचा आवाज वऱ्हाडातल्या मे महिन्यात माइकमध्ये येणारच. दोन इनपुटचा इंटरफेस. दोन डायनॅमिक माइक, कारण पत्र्याच्या खोलीतला घुमारा ते कमी पकडतात. एक आबाजींच्या तोंडाशी, दुसरा बाकीच्यांसाठी जरा दूर. सॉफ्टवेअर रीपर : साठ दिवस पूर्ण वापरून बघता येतं, नंतरचा घरगुती परवाना साठ डॉलर. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर दोन ट्रॅक तासभर भरले तर साधारण एक जीबी होतो. सत्तर हजारांतले अकरा उरले, ते बाबांना परत दिले.

पहिलं भजन भरलं तेव्हा पाचही जण पहिल्यांदा नीट ऐकू आले. आबाजींनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. मी कौतुकाची वाट बघत होतो.

"तिसऱ्या कडव्यात ठेका सुटला," ते म्हणाले. "उद्या पुन्हा म्हनू."