ताजच्या घुमटातील गळती आणि तिचा पत्ता

सप्टेंबर २०२४ मध्ये आग्र्यात मुसळधार पाऊस झाला आणि ताजमहालाच्या मुख्य घुमटातून पाणी झिरपल्याचे वृत्त देशभर पसरले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने ड्रोनच्या साहाय्याने घुमट तपासला आणि त्याला हानी पोहोचलेली नसल्याचे सांगितले. या वास्तूच्या गळतीची लेखी नोंद मात्र सुमारे पावणेचारशे वर्षे जुनी आहे.

डिसेंबर १६५२ मध्ये दख्खनच्या सुभेदारीवर निघालेल्या शाहजादा औरंगजेबाने वाटेत ताजची पाहणी केली आणि शहाजहानला फारसीत पत्र लिहिले. ते एखाद्या अभियंत्याच्या अहवालासारखेच आहे. मुख्य घुमट पावसाळ्यात उत्तरेच्या बाजूस दोन ठिकाणी गळतो, वरच्या मजल्यावरील काही कमानी कोनाडे आणि चारही लहान घुमट ओलावले आहेत, डागडुजी झाली आहे, पण ती कितपत साधली हे पुढच्या पावसाळ्यातच कळेल, असा त्याचा आशय.

पेच आहे तो या शेवटच्या मुद्द्यात. पुढच्या वर्षी उत्तरेस पुन्हा ओल दिसली, तर दुरुस्ती फसली असे म्हणायचे की नवी भेग पडली असे? दोन्हींचे उपाय वेगळे. पत्रात मात्र ‘उत्तरेस दोन ठिकाणी’ यापलीकडे पत्ता नाही. त्यातून ताज चारही बाजूंनी जवळजवळ सारखा. त्याची सममिती जितकी देखणी, तितकीच नोंद ठेवणाऱ्याला चकवणारी.

भूप्रदेशाचा नकाशा येथे कामाचा नाही. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे पन्नास मीटर. ताजचा सुमारे ९५ मीटर रुंदीचा चौथरा त्यावर जेमतेम दोन मिलिमीटर भरतो. पेन्सिलीच्या एका ठिपक्याने तो झाकला जाईल. प्रमाण वाढवूनही मूळ दोष जात नाही. तळघरातील मुमताजची खरी कबर, तिच्या बरोबर वर दालनातील प्रतीकात्मक कबर, त्यावरचा आतला घुमट आणि त्याहून वरचा बाहेरचा घुमट, हे सारे अक्षांश-रेखांशांच्या हिशेबात एकच बिंदू आहेत. उपग्रहाधारित स्थाननिश्चितीही येथे थकते. मोबाइलच्या जीपीएसमध्ये काही मीटरांची चूक नेहमीचीच, आणि जाड बांधकामाखाली संदेश धड पोहोचत नाही.

म्हणून पाहणीची नोंद इमारतीच्या आराखड्यावर करावी लागते. (मराठीत दोहोंनाही ‘नकाशा’च म्हणतात, ही गोष्ट निराळी.) तोही एक पुरत नाही. तलाच्या आराखड्यावर ओलीची जागा कळते, उंची कळत नाही. दर्शनी आराखड्यावर उंची कळते, पण भिंतीच्या पोटातले दिसत नाही. दुहेरी घुमटात तर उभ्या छेदाला पर्याय नाही. बाहेरच्या घुमटातून शिरलेले पाणी मधल्या पोकळीतून आतल्या घुमटाच्या पाठीवर पडते, त्याच्या उतारावरून ओघळते आणि भलतीकडेच डाग उमटवते. डाग आणि भेग यांतील अंतर छेदावर मांडल्याखेरीज पाण्याची वाट उमगत नाही. भेगेची दोन्ही टोके आराखड्यावर तारखेसह दाखवली आणि भेगेवर काचेची पट्टी बसवली, तर ती पुढे वाढली का, हे दुसऱ्या माणसालाही सांगता येते. पट्टी तडकली की हालचाल झाली.

त्यासाठी आधी अचूक मोजमापे हवीत. १८२५ मध्ये जॉन हॉजसन या सर्वेक्षकाने ताज मोजला, पण हेतू दुरुस्तीचा नव्हता. जमीनमोजणीच्या ‘इलाही गज’ या मोगल मापाची लांबी त्याला ठरवायची होती. त्याचा लेख १८४३ मध्ये प्रसिद्ध झाला. नकाशाकारच आपल्या मापासाठी इमारतीच्या दारी आला, हा योग मोठा गमतीचा. अलीकडे कलेतिहासकार एबा कॉख यांनी वास्तुविशारद रिचर्ड बारो यांच्यासह संपूर्ण परिसराची मोजणी केली आणि २००६ मधील ग्रंथात आराखडे दिले.

त्या आराखड्यांवर ताजचे दालन न् दालन सापडते. १६५२ च्या पावसात घुमट गळलेल्या दोन जागा मात्र औरंगजेबाच्या पत्रावरून त्यांवर दाखवता येत नाहीत.