घरासाठी स्मोक अलार्म : निवड, जागा आणि निगा

9 मे 2019 रोजी पहाटे पुण्याजवळच्या उरुळी देवाची येथे साड्यांच्या दुकानाला आग लागली आणि दुकानातच झोपलेले पाच कामगार मृत्युमुखी पडले. दुकानाला बाहेरून कुलूप होते. 30 ऑगस्ट 2023 रोजी पिंपरी-चिंचवडमधील पूर्णानगर येथे हार्डवेअरच्या एका दुकानाला अशीच पहाटे आग लागली. तेथेच राहणाऱ्या एका कुटुंबातील चौघांचा त्यात अंत झाला. केवळ एका यंत्राने हे सर्व जीव वाचले असते, असा दावा कोणी करू नये. बाहेर पडण्याची वाटही मोकळी असावी लागते. मात्र दोन्ही घटनांत वेळ एकच होती, माणसे गाढ झोपेत असण्याची. घरातील स्मोक अलार्मचा विचार करायचा तो नेमका याच वेळेसाठी.

आगीत माणूस बहुधा ज्वाळांनी नव्हे, तर धुराने दगावतो. धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा वायू शुद्ध हरपून टाकतो. जळका वास आला की जाग येईलच, हा समजही चुकीचा आहे. झोपेत वासाची जाणीव मंदावते, कान मात्र जागे राहतात. म्हणून वासावर नव्हे, आवाजावर विसंबावे लागते. अमेरिकेतील राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेच्या पाहण्यांनुसार तेथील घरगुती आगींतील पाचांपैकी सुमारे तीन मृत्यू अलार्म नसलेल्या, अथवा असूनही न चालणाऱ्या घरांत होतात. यातील 'न चालणाऱ्या' हा शब्द महत्त्वाचा आहे. अलार्म बसवणे हे अर्धेच काम. उरलेले अर्धे त्याला जिवंत ठेवण्याचे.

सोसायटीची यंत्रणा पुरेशी आहे काय?

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 नुसार इमारतीतील अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकावर किंवा भोगवटादारावर आहे. परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून घेऊन तसे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलैत, सादर करावे लागते. आपल्या सोसायटीने ते सादर केले आहे काय, हे प्रत्येक सभासदाने विचारायला हवे. परंतु जिन्यातील लाल नळ, पाण्याची रीळ आणि पंप हे आग विझवण्यासाठी असतात. बंद दाराआड झोपलेल्या कुटुंबाला ते उठवत नाहीत. ते काम घरातल्या अलार्मचेच.

कोणता घ्यावा?

घरासाठी प्रकाशाच्या तत्त्वावर चालणारा अलार्म सोयीचा. त्याच्या आत एक अंधारा कप्पा असतो. कप्प्यातील दिव्याचा प्रकाश एरवी संवेदकापर्यंत पोहोचत नाही; धुराचे कण आत शिरले की प्रकाश विखुरतो, संवेदकावर पडतो आणि भोंगा वाजतो. गादी, सोफा, वायरीचे आवरण अशा धुमसणाऱ्या वस्तूंचा धूर तो लवकर ओळखतो.

खरेदी करताना एक फरक ध्यानात घ्यावा. 'स्मोक डिटेक्टर' या नावाने विकली जाणारी अनेक उपकरणे कार्यालये व मॉल यांसाठीची असतात. ती वायरने मध्यवर्ती पॅनेलला जोडावी लागतात आणि पुष्कळदा त्यांना स्वतःचा भोंगा नसतो. अशी तबकडी छताला लावली तरी ती गप्पच राहील. घरासाठी बॅटरी व भोंगा एकाच डबीत असलेला स्वयंपूर्ण अलार्म मागावा. त्याचा आवाज तीन मीटर अंतरावर किमान 85 डेसिबल असावा. वीज गेल्यावरही चालायला हवा, म्हणून थेट विजेवर चालणाऱ्या अलार्मलाही बॅटरीची जोड असलीच पाहिजे.

कुठे बसवावा?

प्रत्येक झोपण्याच्या खोलीत एक आणि त्या खोल्यांबाहेरील मार्गिकेत किंवा दिवाणखान्यात एक, हा उत्तम नियम. बंगला किंवा दुमजली घर असल्यास प्रत्येक मजल्यावर, विशेषतः जिन्याच्या माथ्याशी. एकच घेणे परवडत असेल, तर तो स्वयंपाकघर व झोपण्याच्या खोल्या यांच्या मध्ये, निजलेल्यांना ऐकू येईल असा बसवावा.

धूर वर चढतो, म्हणून जागा छताची. भिंतीपासून सुमारे 30 सेंटीमीटर अंतर ठेवावे. भिंतीवर लावायचा असल्यास छतापासून 30 सेंटीमीटरच्या आत लावावा. आपल्याकडे छताच्या मध्यभागी पंखा असतो. पात्यांच्या वाऱ्याने धूर पांगतो, तेव्हा पात्यांच्या टोकापासून किमान एक मीटर दूर, शक्यतो पंखा आणि दार यांच्या मधली जागा निवडावी. एसीच्या झोतासमोर, खिडकीच्या अगदी वर किंवा न्हाणीघराच्या दाराशी तो लावू नये. पेठांतील जुन्या वाड्यांत आणि पत्र्याच्या घरांत छत उतरते असते. तेथे उंच बाजूला, पण अगदी कोपऱ्याच्या टोकात न लावता थोडा खाली लावावा. लाकडी तुळया आणि अरुंद जिने असलेल्या वाड्यांना लवकर मिळालेल्या सूचनेची गरज सर्वाधिक आहे.

फोडणी, उदबत्ती आणि खोटा गजर

मिरचीच्या फोडणीने अलार्म वाजला, वैतागून बॅटरी काढली आणि ती पुन्हा बसवलीच नाही, अशी अनेक अलार्मची गत होते. उपाय बॅटरी काढण्यात नसून जागा बदलण्यात आहे. शेगडीपासून निदान तीन मीटर आणि देवघरापासूनही पुरेसे अंतर ठेवावे. स्वयंपाकघरात धुराऐवजी उष्णतेवर चालणारा अलार्म योग्य. तो फोडणीने वाजत नाही. गजर थोडा वेळ थांबवण्याचे बटण असलेला अलार्म घेतल्यास आरतीच्या कापराचा किंवा दिवाळीतील फटाक्यांच्या धुराचा त्रास निभावता येतो. नवरात्रात रात्रभर अखंड दिवा तेवत असताना मात्र अलार्म चालू आहे, याची खातरजमा करूनच निजावे.

तो काय ओळखत नाही?

स्मोक अलार्म गॅसगळती ओळखत नाही. त्यासाठी वेगळे यंत्र लागते आणि त्याची जागा इंधनावर ठरते. सिलिंडरमधील एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने ते यंत्र जमिनीलगत बसवावे. पाइपद्वारे येणारा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असल्याने ते छताजवळ हवे. सिलिंडर सोडून पाइपचा गॅस घेतलेल्या कुटुंबांनी जुने यंत्र खालीच राहिले असल्यास ते नव्या वायूसाठी योग्य आहे काय, हे तपासावे आणि जागाही बदलावी. गॅस गिझरमुळे बंद न्हाणीघरात साठणारा कार्बन मोनॉक्साइडही स्मोक अलार्म टिपत नाही. तेथे वायुवीजन आणि स्वतंत्र संवेदक हाच उपाय.

निगा कशी राखावी?

• महिन्यातून एकदा चाचणीचे बटण दाबावे. एकाने बटण दाबावे आणि दुसऱ्याने दार लावलेल्या खोलीत पलंगावरून आवाज ऐकावा. ज्येष्ठांना तो ऐकू येतो काय, हे मुद्दाम पाहावे.
• साधी बॅटरी वर्षातून एकदा बदलावी. दसऱ्यासारखा सण ठरवून टाकल्यास विसर पडत नाही.
• मधूनमधून एखादाच 'टिक' असा आवाज येऊ लागला, तर ती बॅटरी संपत आल्याची सूचना समजावी.
• धूळ, कोळिष्टके आणि पावसाळ्यातील किडे कप्प्यात शिरले की खोटे गजर होतात. व्हॅक्यूम क्लीनर किंवा मऊ ब्रशने जाळी साफ करावी. पाणी वापरू नये.
• रंगकाम किंवा कीटकनाशक फवारणीच्या वेळी घातलेले झाकण काम संपताच काढावे. अलार्मवर रंग लावू नये.
• दहा वर्षे झाली की तो वाजत असला तरी बदलावा. मागे छापलेल्या उत्पादन तारखेपासून वर्षे मोजावीत.

वाजल्यावर काय करावे?

अलार्म केवळ वेळ मिळवून देतो, तोही काही मिनिटांचा. ती वेळ किल्ली शोधण्यात जाऊ नये. सेफ्टी डोअरची किल्ली रात्री ठरलेल्या जागी दाराजवळ ठेवावी. बाल्कनी व खिडक्यांना जाळ्या लावताना निदान एक आतून उघडणारी ठेवावी. बाहेर पडण्यापूर्वी दाराला हात लावून पाहावा. गरम लागल्यास ते उघडू नये. धुरात वाकून किंवा रांगत जावे, मागचे दार ओढून घ्यावे, लिफ्ट टाळून जिन्याने उतरावे आणि बाहेर आल्यावर 101 किंवा 112 वर दूरध्वनी करावा. जिन्यातच धूर भरला असेल, तर घरात परतून दाराच्या फटीत ओली कापडे कोंबावीत आणि खिडकीतून मदतीला हाक द्यावी.

ही सगळी तालीम वर्षातून एकदा, मुलांना बरोबर घेऊन करावी. मध्यरात्री छतावरची डबी किंचाळू लागेल, तेव्हा विचार करायला कोणालाच उसंत नसेल. पायांना वाट आधीच ठाऊक असली पाहिजे.