वेळ कोणाचा, दिरंगाई कोणाची?

वेळेचे महत्त्व या विषयावर आपल्याकडे उपदेशाची वाण नाही. शाळेच्या फळ्यावर सुविचार लिहिलेला असतो, समर्थांनी दासबोधात आळसावर कोरडे ओढलेले आहेत, आणि अलीकडे तर खिशातला मोबाइलही आपल्याला अमुक वाजता अमुक काम कर म्हणून बजावीत असतो. इतके असूनही घरोघरी आणि कचेरी-कचेरीत कामांची घोंगडी भिजतच पडलेली दिसतात. असे का व्हावे?

आम्ही कामगार चळवळीतली माणसे. आमचे शिक्षण थोडे शाळेत, बरेचसे वाचनालयात आणि उरलेले गिरणीच्या, कारखान्याच्या फाटकावर झाले. आम्हांला या उपदेशात एक उणीव जाणवते. उपदेश करणारा असे धरून चालतो की ऐकणाऱ्याचा वेळ ऐकणाऱ्याच्याच मालकीचा आहे आणि तो केवळ आळसापायी उधळतो आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांचा इतिहास पाहिला म्हणजे हे गृहीत किती कच्चे आहे ते कळते. त्या माणसांना वेळ आधी मिळवावा लागला. ज्यांनी त्यांना आळशी म्हटले त्यांचीच दिरंगाई मोठी होती, आणि तिच्यावर कामगारांनी जी मात केली तिच्यात आपणां सर्वांना आजही घेण्याजोगे काही आहे. तो इतिहास येथे मांडावयाचा आहे.

१८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत कापडगिरणी स्थापन केली आणि १८५६ पासून ती चालू लागली. पुढे गिरण्या वाढल्या, आणि त्यांत राबण्यासाठी कोकणातून, घाटावरून शेतकऱ्यांची मुले आली. शेतकऱ्याला वेळेची किंमत कळत नाही असे म्हणणाऱ्याने कधी पेरणी पाहिलेली नसावी. वाफसा कोणासाठी थांबत नाही. पेरणी आठ दिवस लांबली तर वर्ष हातचे जाते. परंतु शेतीच्या कामाला चढउतार असतो. नांगरणीला घाम गाळलेला माणूस पुढे चार दिवस ओसरीवर टेकतो, आणि त्याला कोणी नावे ठेवीत नाही.

गिरणीत हा चढउतार संपला. तेथे काम सूर्योदयाला सुरू होई आणि सूर्यास्ताला थांबे. म्हणजे हिवाळ्यात दिवस थोडा आखूड आणि उन्हाळ्यात तेरा तासांच्याही वर. आठवड्याची ठरलेली सुटी नाही. जेवणासाठी यंत्र थांबेलच याचा भरवसा नाही. उशीर झाला तर दंड, आणि एक दिवस खाडा झाला तर काही गिरण्यांत दोन दिवसांचा पगार कापला जाई. त्याला दुहेरी खाडा म्हणत. मजुराच्या पाच मिनिटांचा हिशेब इतका चोख ठेवणारी ही गिरणी त्याचा पगार मात्र महिना उलटून गेल्यावर, आठवड्यामागून आठवडे लोटल्यावर देत असे. मधल्या काळात घर चालावयाचे ते वाण्याच्या उधारीवर आणि सावकाराच्या व्याजावर.

या स्थितीला ज्यांनी प्रथम तोंड फोडले ते नारायण मेघाजी लोखंडे. त्यांचा जन्म १८४८ सालचा, ठाण्याचा. जोतीराव फुल्यांचे ते सहकारी. शिक्षण बेताचेच. एका गिरणीत भांडारपालाची नोकरी केली, ती सोडली आणि १८८० साली 'दीनबंधु' पत्राचे संपादन हाती घेतले. गिरण्यांतील स्थितीची चौकशी करण्यासाठी सरकारने १८७५ सालीच एक समिती नेमली होती. तिच्यामागून कायदा आला तो १८८१ साली. त्याने काय केले? सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी केली आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा घातली. मोठ्या माणसांविषयी, स्त्रियांविषयी त्यात काही नव्हते.

१८८४ साली पुन्हा चौकशी निघाली, तेव्हा लोखंड्यांनी वाट पाहत बसण्याचे नाकारले. त्या वर्षीच्या सप्टेंबरात २३ आणि २६ या तारखांना परळच्या सुपारीबागेत कामगारांच्या सभा भरल्या. त्यांत मागण्या ठरल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. मागण्या पाच होत्या. रविवारी पूर्ण सुटी मिळावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मिळावा. आणि कामावर जखमी होणाऱ्याला बरा होईपर्यंत पगार, कायमचा अधू झाल्यास निर्वाहाची तरतूद व्हावी.

वाचकांनी या मागण्या पुन्हा एकदा नजरेखालून घालाव्यात. पाचापैकी चार सरळ वेळेविषयी आहेत. पगार किती, हा शब्द त्यांत नाही; पगार केव्हा, एवढेच त्यांत आहे.

आता दिरंगाईचा जमाखर्च मांडू. रविवारची सुटी गिरणीमालकांच्या संघाने मान्य केली ती १० जून १८९० रोजी. म्हणजे सहा वर्षांनी. साप्ताहिक सुटी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती कायद्यात आली १८९१ साली, सात वर्षांनी. त्याच कायद्याने स्त्रियांचे काम अकरा तासांवर आणले, पण पुरुषांच्या तासांना हात लावला नाही. कापडगिरण्यांतील पुरुषांना बारा तासांची मर्यादा मिळाली १९११ साली, सत्तावीस वर्षांनी. अपघाताच्या भरपाईचा कायदा झाला १९२३ साली, एकोणचाळीस वर्षांनी. आणि ठरलेल्या तारखेला पगार देण्याचे बंधन घालणारा कायदा झाला १९३६ साली, बावन्न वर्षांनी. सुपारीबागेत सही किंवा अंगठा करणाऱ्या विशीतल्या जवानाला हा शेवटचा कायदा पाहण्यासाठी बहात्तर वर्षांचे आयुष्य लागले असते. गिरणीतल्या आयुष्याने इतकी वर्षे किती जणांना दिली असतील? बैल गेला आणि झोपा केला, ही म्हण आपण शेतकऱ्याला उद्देशून वापरतो. ती सरकारदरबारालाही तितकीच लागू पडते.

लोखंडे स्वतः ९ फेब्रुवारी १८९७ रोजी, प्लेगच्या साथीत गेले. पाचापैकी दोन मागण्या तेवढ्या त्यांना पुऱ्या झालेल्या दिसल्या.

परंतु या सहा-सात वर्षांत त्यांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. १८८४ चे निवेदन दप्तरात पडले म्हणून ते स्वस्थ बसले नाहीत. 'दीनबंधु'तून तोच विषय ते पुनःपुन्हा मांडीत राहिले. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. ज्या बाईचा दिवस गिरणीच्या आधी चुलीपाशी सुरू होतो आणि गिरणीनंतर पुन्हा चुलीपाशीच संपतो, तिच्याइतके सुटीचे मोल कोणाला ठाऊक असणार? त्या सभेनंतर दोन महिन्यांच्या आतच मालकांनी रविवार मान्य केला. रविवार हा आपल्याकडे खंडोबाचा वार. आज आपण ज्या रविवारी उशिरा उठतो, तो असा मिळालेला आहे.

मिळालेला वेळ राखावाही लागतो. विसाव्या शतकाच्या आरंभी गिरण्यांत विजेचे दिवे आले. तोवर सूर्य मावळला म्हणजे मालकाचाही नाइलाज होई; आता सूर्याची गरज उरली नाही. १९०५ साली कापडाला मागणी वाढली तेव्हा अनेक गिरण्या चौदा-चौदा तास चालू लागल्या, आणि त्या शरद ऋतूत कामगारांनी याविरुद्ध दंगा मांडला. दिव्यासारखी चांगली वस्तू, पण ती कोणाच्या हाती आहे यावर तिचे फळ अवलंबून असते.

याच सुमारास एक आक्षेप फार गाजला. १९०७-०८ मध्ये सरकारने नेमलेल्या कमिशनपुढे मालकांनी आणि त्यांच्या व्यवस्थापकांनी सांगितले की हिंदी कामगार मुळातच सुस्त आहे. तो सारखा यंत्र सोडून बिडी ओढायला, पाणी प्यायला, अंग धुवायला आवारात जातो. त्याचे तास कमी केले तर गिरण्या बुडतील. यंत्र सोडून जाण्याची गोष्ट खोटी नव्हती. प्रश्न तिच्या कारणाचा आहे. बारा-चौदा तास कोंदट, दमट खात्यात एकसारखे लक्ष देऊन कोणत्याही देशाचा माणूस काम करू शकत नाही. कायद्याने जी विश्रांती दिली नव्हती ती शरीर चोरून घेत होते, इतकेच.

याचा पडताळा दूरच्या एका गावी मिळाला होता. जर्मनीत येना येथे त्साइस यांचा भिंगे आणि सूक्ष्मदर्शक बनविण्याचा प्रसिद्ध कारखाना आहे. त्याचे प्रमुख एर्न्स्ट आबे हे स्वतः एका कापडगिरणीतल्या मजुराचे चिरंजीव. आपल्या बापाचे चौदा-चौदा, सोळा-सोळा तास उभे राहणे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. १९०० साली त्यांनी कारखान्याचा दिवस नऊ तासांवरून आठ तासांवर आणला आणि कामाची नोंद काटेकोर ठेवली. वर्षअखेर दिसून आले की आठ तासांत झालेले काम नऊ तासांतील कामापेक्षा कमी नव्हते, उलट थोडे अधिकच होते. आब्यांनी त्याची मीमांसा फार सोपी केली. दिवसाचा थकवा त्याच दिवसाच्या विश्रांतीने आणि अन्नाने फिटला पाहिजे. तो थोडा जरी शिल्लक राहिला तरी रोज साठत जातो आणि शेवटी माणसाला मोडतो. आपल्या भाषेत सांगावयाचे तर ही अंगावरची उधारी आहे. मुद्दल लहान असले तरी व्याज थांबत नाही.

आपल्याकडेही गिरण्या बुडाल्या नाहीत. १९२० च्या मुंबईतील संपानंतर गिरण्यांचा दिवस दहा तासांवर आला. १९२२ च्या कायद्याने दिवसाला अकरा व आठवड्याला साठ तासांची मर्यादा घातली, १९३४ च्या कायद्याने ती बारमाही कारखान्यांसाठी दहा व चोपन्नवर आणली, आणि १९४६ साली ती नऊ व अठ्ठेचाळीसवर आली. प्रत्येक पायरीला धंदा बुडण्याची भीती घातली गेली. प्रत्येक पायरीनंतर धूर निघतच राहिला.

जो वेळ सुटला त्याचे काय झाले? त्यातला काही गुत्त्यात गेला हे खरे. परंतु परळ-लालबागच्या चाळींत भजनी मंडळे उभी राहिली, व्यायामशाळा निघाल्या, वाचनालये निघाली. १९११ साली ना. म. जोशी यांनी स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगारांसाठी रात्रीच्या शाळा आणि वाचनालये चालविली. या वाटेचा पहिला दिवा त्याही आधीचा आहे: १८५५ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी दिवसभर राबणाऱ्या शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली होती. दिवसभर राबून रात्री कंदिलापाशी बाराखडी गिरवणाऱ्या माणसाला आळशी म्हणण्याची छाती कोणाची होईल?

मग चालढकलीचे औषध काय? या इतिहासातून आम्ही तीन गोष्टी शिकलो, आणि संघटनेच्या कामात त्याच वापरीत आलो आहोत.

पहिली गोष्ट तारखेची. 'पगार वेळेवर मिळावा' असे लोखंडे म्हणाले नाहीत. '१५ तारखेपर्यंत मिळावा' असे म्हणाले. 'वेळेवर' या शब्दाला कोणीही हुलकावणी देतो. तारखेला देता येत नाही. आमच्या बैठकीत ठराव झाला की त्यापुढे तीन रकाने भरतो: काम कोणते, करणार कोण, तारीख कोणती. तिसरा रकाना रिकामा असेल तर ते काम झालेच नाही असे खुशाल समजावे.

दुसरी गोष्ट तुकड्यांची. चौदा तासांचे आठ तास एका उडीत झाले नाहीत. आधी मुले, मग स्त्रिया, मग पुरुष. आधी रविवार, मग दुपारचा अर्धा तास. माणूस काम टाळतो तेव्हा पुष्कळदा तो आळसाने टाळीत नाही. कामाचा डोंगर पाहून त्याची छाती दडपते. कामावरून काढलेले कितीतरी लोक आमच्याकडे वर्षा-दोन वर्षांनी येतात. नोटिशीचा कागद ट्रंकेत जपून ठेवलेला असतो, पण तो उघडून वाचण्याचा धीर झालेला नसतो, आणि मधल्या काळात दाव्याची मुदत टळत आलेली असते. अशा माणसाला आम्ही दोष देत नाही. 'आज फक्त कागद वाचू, अर्ज उद्या लिहू' असे म्हणतो. कागद वाचून झाला की तो बहुधा त्याच बैठकीत अर्ज लिहायला बसतो.

तिसरी गोष्ट सोबतीची. एकट्याने ठरवलेले काम एकट्यालाच मोडता येते. सुपारीबागेत सही केलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी शेजारच्या साच्यावरचा सोबती विचारीत असणारच, की पुढे काय? ज्यांना नेटाने अभ्यास करावयाचा आहे, व्यायाम करावयाचा आहे, अडलेले लेखन पुरे करावयाचे आहे, त्यांनी असा एक विचारणारा सोबती जोडावा.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, आणि भोंगे थांबले. भोंग्याची जागा आता खिशातल्या घंटीने घेतली आहे. कचेरीतला माणूस घरी जेवायला बसतो आणि साहेबाचा निरोप येतो. घरपोच जेवण पोचविणारा तरुण हॉटेलच्या दारात मोटारसायकलवर ताटकळतो; पूर्वी गिरणीच्या फाटकावर बदली कामगार ताटकळत असे, तसाच. त्या वाट पाहण्याचे मोल कोणाच्या वहीत लिहिले जाते?

म्हणून आमचे सांगणे इतकेच की वेळेचा हिशेब ठेवावा, अवश्य ठेवावा, पण तो दोन्ही बाजूंनी ठेवावा. आपण किती वेळ दवडला हे एका रकान्यात लिहावे, आणि आपला किती वेळ दुसऱ्याने घेतला हे दुसऱ्या रकान्यात. पहिला रकाना आपल्याला उद्योगी करील. दुसरा भरला असेल, तर तो घेऊन शेजाऱ्याकडे जावे, त्याची वही पाहावी, आणि दोघांनी मिळून एक तारीख ठरवावी.