परिषदेचे पाहुणे आणि आमची यात्रास्थळे

महोत्सवाच्या स्मरणिकेत धर्मग्रामाचा इतिहास यावा, वेदी कोणी बांधली, घंटा केव्हा आली, कोणकोणते धर्मगुरू होऊन गेले हे नमूद व्हावे, ही रीत उत्तम आहे. आणि ते काम या पुस्तिकेत इतरांनी केलेच आहे. आम्ही येथे थोडा निराळा विषय घेतो. महोत्सव म्हटला की पाहुणे आले; आणि पाहुणे आले म्हणजे प्रवचने व भोजने आटोपल्यावर एक मोटारगाडी ठरवून त्यांस चार ठिकाणे दाखवून आणणे हे ओघानेच आले. पाहुण्यांस काय दाखवावे, आणि दाखविताना काय सांगावे, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही. तो मुंबई इलाख्यातील ख्रिस्ती समाजापुढे एकदा फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला होता.

सन १९६४ च्या २८ नोव्हेंबरपासून ६ डिसेंबरपर्यंत मुंबईत ३८ वी आंतरराष्ट्रीय युखरिस्तिक परिषद भरली. या परिषदांचा आरंभ १८८१ मध्ये फ्रान्समधील लील शहरी झाला होता, आणि मुंबईच्या आधीची परिषद १९६० मध्ये म्युनिक येथे झाली होती. यजमानपद कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशियस यांच्याकडे होते. २ डिसेंबरला पोप सहावे पॉल यांचे मुंबईत आगमन झाले. त्यांच्यापूर्वी कोणत्याही पोपमहाशयांनी भारतभूमीवर पाऊल ठेविले नव्हते. दुसऱ्या दिवशी, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरच्या सणादिवशी, त्यांच्या हस्ते सहा बिशपांना दीक्षा मिळाली. ओव्हल मैदानावर लोटलेला जनसमुदाय आपल्यापैकी वडील मंडळींच्या स्मरणात आहे. पोपमहाशयांच्या मोटारगाडीची कथा तर सर्वतोमुखी झाली. ती त्यांनी जाताना मदर तेरेसा यांस दिली, आणि मदरांनी तिची सोडत काढून पैसा कुष्ठरोग्यांच्या कामी लाविला.

परंतु हे सारे सुखासुखी झाले असे समजू नये. त्या वर्षी देशात अन्नधान्याची टंचाई होती. अशा समयी एवढा थाट कशाला, असा सवाल पुष्कळांनी केला. आणि त्यात अन्याय्य काही नव्हते. ४ डिसेंबरला पोपमहाशयांनी मुंबईतूनच सर्व राष्ट्रांस आवाहन केले की, शस्त्रास्त्रांवर होणाऱ्या खर्चाचा निदान काही भाग गरिबांसाठी एका जागतिक निधीत घालावा. या सवालास त्याहून समर्पक उत्तर मिळणे कठीण होते. दुसरा आक्षेप मात्र अधिक खोल होता. ही परक्यांची परिषद आहे, येथील ख्रिस्ती लोक म्हणजे पोर्तुगीजांनी मागे टाकलेले लोक आहेत, असा तो सूर होता. त्यास उत्तर देण्यास व्यासपीठावरील भाषणे पुरेशी नसतात. देशोदेशींचे हजारो पाहुणे गावात असता त्यांस हिंडविणाऱ्यांच्या तोंडी काय शब्द येतात, यावरही पुष्कळ अवलंबून असते. आजही अवलंबून आहे, म्हणून हा लेख.

मुंबईत सभासंमेलनास आलेल्या पाहुण्यांचा मार्ग जवळजवळ ठरलेला असतो. गेटवे ऑफ इंडिया, वस्तुसंग्रहालय, राजाबाई टॉवर, मलबार टेकडीवरील बाग, गांधीजींचे वास्तव्य असलेले मणिभवन, आणि दुपार मोकळी असल्यास अपोलो बंदरावरून लाँचने घारापुरी. यांपैकी पुष्कळ स्थळांविषयी आम्हांस विशेष सांगावयाचे नाही. मार्गदर्शक सांगतो ते ठीक असते. घारापुरीविषयी मात्र सांगावयाचे आहे.

सहाव्या शतकाच्या सुमाराची ती शैव लेणी व त्यांतील सुमारे १८ फूट उंचीची त्रिमुखी शिवमूर्ती पाहून परदेशी पाहुणा स्तब्ध होतो. मग त्याची दृष्टी भंगलेल्या हातापायांकडे जाते, आणि तो विचारतो, हे कोणी केले? पोर्तुगीज शिपायांचे नाव सांगितले जाते. येथे ख्रिस्ती यजमान बहुधा घाईने पुढे सरकतो, किंवा लाँच सुटण्याची वेळ झाली म्हणतो. आमच्या मते असे करू नये. पोर्तुगीजांनीच या लेण्यातील एक शिलालेख वाचून घेण्यासाठी पोर्तुगालात पाठविला. तेथे तो कोणास वाचता आला नाही आणि पुढे नाहीसा झाला. त्यामुळे ही लेणी कोणत्या राजाने कोरविली याचा निर्णय विद्वानांस आजही अनुमानानेच करावा लागतो. ही हानी फुटलेल्या हातांपेक्षा मोठी होय. पण त्याच पोर्तुगीजांपैकी पुढे गोव्याचा व्हाइसरॉय झालेला झुआंव द कास्त्रो याने १५३८ मध्ये या लेण्यांचे बारकाईने व आदराने वर्णन लिहून ठेविले, आणि गोव्यातील वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ च्या आपल्या ग्रंथात त्यांचा उल्लेख केला. दोन्ही गोष्टी सांगाव्या. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटास एलिफंटा नाव दिले, तो १८६४ मध्ये इंग्रजांनी हलविताना मोडला. त्याचे तुकडे जोडून उभा केलेला हत्ती भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे.

भायखळ्यापर्यंत आलोच तर जवळच्या ग्लोरिया चर्चमध्ये व माझगावात जावे. ग्लोरियाचे मूळ मंदिर १६३२ मधील, माझगावचे. सध्याची उंच मनोऱ्याची इमारत १९१३ मध्ये पुरी झाली. परंतु आम्ही पाहुण्यास तेथून माथारपाखाडीच्या लाकडी सज्जांच्या घरांकडे नेऊ. या वस्तीत १८६४ मध्ये जोसेफ बाप्टिस्टा जन्मले. लोक त्यांस काका म्हणत. लोकमान्य टिळकांचे ते निकटचे सहकारी, होमरूल चळवळीतील अग्रणी, गिरणीकामगारांचे कैवारी, आणि १९२५ साली मुंबईचे महापौर. परिषदेचे वर्ष हे त्यांच्या जन्मशताब्दीचेही वर्ष होते. ज्यांस ख्रिस्ती मनुष्य परका वाटत होता, त्यांना काकांच्या नावाने दिलेले उत्तर पुरले असते.

धार्मिक स्थळांत पाहुण्यांची पहिली मागणी वांद्र्याच्या मोत माउलीची असते. माउंट मेरीच्या टेकडीवरील सध्याचे मंदिर १९०४ चे. पारशी स्थापत्यकार शापूरजी चंदाभॉय यांनी ते उभारले. १९५४ मध्ये त्यास बॅसिलिकेचा मान मिळाला. पण देवस्थान याहून फार जुने आहे. सन १७०० मध्ये दर्यावर्दी लुटारूंनी मूर्तीचा हात छाटला. पुढे मराठ्यांच्या स्वारीच्या धामधुमीत मंदिरही पाडले गेले, आणि १७६१ मध्ये नव्याने बांधून मूर्तीची पुन्हा स्थापना झाली. या मधल्या काळात समुद्रात मूर्ती सापडल्याची जी कथा आहे, ती कोळ्यांची आहे. इतिहासकाराने तिच्याकडे संशयाने पाहिले तरी चालेल; आमची मात्र विनंती आहे की पाहुण्यास ती अवश्य सांगावी, कारण मूर्ती कोणत्या देशातून आली यापेक्षा ती कोणाच्या जाळ्यात सापडली असे लोक मानतात, यावरून ती कोणाची झाली हे समजते. ८ सप्टेंबरच्या सणास लागून आठवडाभर जत्रा भरते तेव्हा मेणाचे हात, पाय, पाळणे, घरे घेऊन रांगेत उभी राहणारी माणसे पाहावी. त्यांत सर्व धर्मांचे लोक असतात. माहीमच्या संत मायकेलच्या चर्चमध्येही बुधवारच्या नोव्हेनास तोच प्रकार. ती नोव्हेना १९४८ मध्ये सुरू झाली. मुंबईच्या दगडी वैभवापेक्षा या रांगांनीच परदेशी पाहुणे अधिक चकित होतात.

कुलाब्याच्या होली नेम कॅथेड्रलला धावती भेट पुरे. ते १९०५ मध्ये उघडले, परिषदेच्या वर्षी त्यास कॅथेड्रलचा दर्जा मिळाला, आणि आतील भित्तिचित्रे इटालियन जेसुइट बंधू मोस्केनी यांच्या हातची आहेत.

वांद्र्याहून उत्तरेस बोरिवलीला गेल्यास मंडपेश्वर लागते. सहलीच्या पत्रकात हे नाव क्वचितच आढळते, आणि आम्हांस तर ते सर्वांत आधी घालावेसे वाटते. मूळचे हे शिवाचे लेणे. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन मठवासी आंतोनिओ द पोर्तो याच्या खटपटीने ते लेणे चर्च म्हणून वापरात आले, आणि त्याच्या माथ्यावर विद्यालयाची भव्य इमारत उठली. एका कोरीव चित्राचे जागीच घडवून क्रूस बनविला. तो अद्याप दिसतो. काही मूर्ती भिंतीआड गेल्या, आणि भिंतीआड गेल्यामुळेच पुष्कळशा शाबूत राहिल्या. १७३९ नंतर मराठ्यांच्या अमलात लेणे पुन्हा शिवाचे झाले. आज खाली पूजा होते, वर विद्यालयाचे भग्नावशेष उभे आहेत, आणि हाकेच्या अंतरावर धर्मग्रामाच्या चर्चमध्ये मिस्सा होते. त्या मठवाशाने अनाथ मुले सांभाळली, शिक्षण दिले, हे खरे. आणि दुसऱ्याचे देवस्थान घेतले, हेही तितकेच खरे. आपल्या पूर्वजांचा धर्म त्याच्यासारख्यांच्या हातून आपल्यापर्यंत आला, म्हणून त्याचे प्रत्येक कृत्य पाठीशी घालणे आपल्यावर बंधनकारक नाही.

येथून वसई दूर नाही. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांस दिली, आणि दोनशे वर्षे ती त्यांच्या उत्तर प्रांताची राजधानी होती. किल्ल्यात संत जोसेफचे कॅथेड्रल, जेसुइटांचे मंदिर, फ्रान्सिस्कनांचे मंदिर, यांचे अवशेष आज उभे आहेत. फ्रान्सिस्कन मंदिराच्या जमिनीत थडग्यांच्या शिळांवर पायांखाली जुनी नावे येतात. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी दीर्घ व रक्तरंजित वेढ्यानंतर किल्ला जिंकला. येथील चर्चच्या घंटा विजयचिन्हे म्हणून गेल्या. त्यांपैकी एक भीमाशंकरी, एक वाईजवळ मेणवलीस, एक नाशिकला नारोशंकराच्या मंदिरी टांगलेली आहे. हा विजय सांगताना मराठी ख्रिस्ती मनुष्याचे मन दुभंगते असे कोणी म्हणेल. तसे होण्याचे कारण नाही. चिमाजी आप्पांचे शौर्य हे ज्या भाषेत गाइले जाते ती आपली भाषा आहे. आणि ज्या घंटा गेल्या त्याही आपल्याच होत्या. त्या देवळांत त्या घंटा आजवर जपल्या गेल्या आहेत, हेही पाहुण्यास सांगावे.

खरी गोष्ट याच्या पुढची आहे. किल्ला पडला, फिरंगी मठवासी गेले, संरक्षण करणारी सत्ता उरली नाही. परक्यांनी मागे टाकलेले लोक असते तर ते या वेळी ओसरून गेले असते. परंतु वसईच्या गावांतून देशी धर्मगुरूंच्या आधाराने केळीच्या व पानाच्या बागा शिंपीत ते तेथेच राहिले, आणि धर्मही राहिला. १९९८ मध्ये मुंबईपासून विभागून वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, तो याच लोकांचा. १९६४ च्या पाहुण्यास येथे मिस्सा लॅटिनमध्ये ऐकू आली असती आणि तो घरच्यासारखा उत्तरे देता. आजच्या पाहुण्यास ती मराठीत ऐकावी लागते, आणि बाहेर अंगणात लाल लुगडे नेसलेल्या वृद्ध स्त्रियांची सामवेदी बोली तर आमच्यापैकी शहरातल्यांसही अर्धीच कळते.

याच मातीत सोळाव्या शतकाच्या मध्यास गोन्सालो गार्सिया जन्मला. बाप पोर्तुगीज, आई वसईची. तरुणपणी जेसुइटांबरोबर तो जपानला गेला, व्यापारात पडला, मनिला येथे फ्रान्सिस्कन बंधू झाला, आणि जपानी उत्तम येत असल्यामुळे १५९३ मध्ये दुभाषी म्हणून पुन्हा जपानात गेला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीस २६ जणांना क्रुसावर दिले त्यांत तो होता. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्यांस संत घोषित केले. भारतात जन्मलेला हा पहिला संत.

१९६४ मध्ये पुष्कळ पाहुणे परिषदेच्या आधी वा नंतर गोव्यास गेले, कारण त्याच सुमारास जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरच्या शवाचे दर्शन खुले होते. १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्यावर मरण पावलेल्या त्या संताचे शरीर १५५४ पासून गोव्यात आहे, व बॉम जेझसच्या मंदिरात आरसपानी चौथऱ्यावर रुप्याच्या पेटीत ठेविलेले आहे. त्या दर्शनाची थोरवी आम्ही कमी लेखीत नाही. परंतु युरोपातून भारतात आलेल्या संतापुढे हजारो पाहुणे गुडघे टेकून गेले असता, वसईतून जपानात गेलेल्या संताच्या गावी त्यांतले किती आले असतील, हा विचार मनात येतो.

तेव्हा या महोत्सवाच्या पाहुण्यांसाठी गाडी ठरविणाऱ्या मंडळींस आमची सूचना अशी. दिवस पुरा असेल तर सकाळी मोत माउली, मग मंडपेश्वर, आणि दुपार वसईस द्यावी. अर्धाच दिवस असेल तर गेटवे सोडावा; तो पाहुण्यांनी चित्रांत पाहिलेला असतो. वसई रोडपर्यंत लोकलने जाऊन पुढे रिक्षा करावी. किल्ल्यात पिण्याचे पाणी बरोबर न्यावे, पडक्या जिन्यांवर वृद्धांस चढू देऊ नये, आणि उन्हे कलण्यापूर्वी निघून गास गावी संत गोन्सालोच्या चर्चमध्ये पोहोचावे.