तापलेले इंजिन आणि आपले सेलवास

जव्हार-मोखाड्याच्या वाटेने त्र्यंबकला जाणाऱ्या जुन्या एस. टी.मधून ज्यांनी प्रवास केला आहे, त्यांना चढ संपल्यावरचा तो थांबा आठवत असेल. ड्रायव्हर खाली उतरे, बॉनेट उघडे, ओले फडके हाताला गुंडाळून रेडिएटरचे झाकण हलक्या हाताने सैल करी. वाफेचा लोट निघून गेला की मग डब्यातले पाणी आत जाई. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एस. टी.ची पहिली गाडी सुटली, तेव्हापासून कित्येक वर्षे हा पाण्याचा डबा गाडीच्या सामानातच धरला जाई. आजच्या गाडीत तो नसतो. तो कुठे गेला, याचा इतिहास सांगण्याजोगा आहे. आणि त्याचा एक धागा आपल्या दारातल्या सेलवासपर्यंत, म्हणजे कागदोपत्रीच्या सिल्वासापर्यंत, येतो.

इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश भागच चाके फिरवण्याच्या कामी येतो. तितकीच उष्णता धुराड्यावाटे बाहेर पडते आणि उरलेली इंजिनाच्या अंगात मुरू पाहते. ती काढून घेतली नाही, तर दट्ट्या सिलिंडरमध्ये अडकून बसतो. पहिल्या मोटारींत पाणी नुसते उकळून उडून जाई, म्हणून सतत भरावे लागे. यावर खरा तोडगा काढला जर्मनीच्या विल्हेल्म मायबाख यांनी. १९०१ च्या मर्सिडीज गाडीसाठी त्यांनी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला. त्यात ८,०७० बारीक चौकोनी नळ्या होत्या. त्यांमधून वारा वाहू लागताच ३५ अश्वशक्तीच्या इंजिनाला अवघे ९ लिटर पाणी पुरू लागले. पुढच्या सगळ्या रेडिएटरांची कुळी तिथून सुरू होते.

तरीही घाट उरलाच होता. दर ३०० मीटर उंचीला पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे १ अंशाने उतरतो. म्हणजे इंजिनाला जास्त कष्ट पडतात त्याच जागी पाणी लवकर उकळते. यावर उपाय झाला तो दाबाच्या झाकणाचा. आतला दाब हवेच्या दाबाच्या जवळजवळ दुप्पट ठेवला की पाणी १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. स्वयंपाकघरातल्या कुकरचेच हे तत्त्व. ड्रायव्हर झाकणाला इतका जपून हात का लावी, हेही त्यात आले.

दुसरा शत्रू विहिरीचे पाणी. जड पाण्यातले क्षार नळ्यांत थर धरीत, आणि गावोगावचा कारागीर तांब्या-पितळेचा रेडिएटर उतरवून, साफ करून, गळती झाळून देई. पुढे ॲल्युमिनियमचे हलके रेडिएटर आले. त्यांना ती झाळ लागू पडत नाही. शिवाय एकाच पाण्यात तांबे, बीड आणि ॲल्युमिनियम असले की धातू कुरतडला जातो. म्हणून साध्या पाण्याच्या जागी ग्लायकॉल आणि गंजरोधक द्रव्ये मिसळलेले कूलंट आले, आणि तो डबा घरी राहिला.

आता सेलवासकडे वळू. १७७९ च्या तहाने पेशव्यांनी या गावांचा महसूल पोर्तुगीजांना लावून दिला. २ ऑगस्ट १९५४ रोजी सेलवास मुक्त झाले; त्या मोहिमेत सुधीर फडके होते, हे मराठी घरांत अभिमानाने सांगितले जाते. ११ ऑगस्ट १९६१ रोजी हा प्रदेश रीतसर भारतात आला. त्यानंतर पिपरियाची सहकारी औद्योगिक वसाहत उभी राहिली, मग मसाट आणि खडोलीच्या वसाहती आल्या. विक्रीकराच्या सवलतीने कारखाने ओढून आणले. त्यांत वंगणतेल मिसळून डब्यांत भरणारे पुष्कळ. इंडियन ऑइल, हिंदुस्तान पेट्रोलियम, कॅस्ट्रॉल, गल्फ या सर्वांचे असे कारखाने सिल्वासा भागात उभे राहिले. आणि वंगणतेल हेही थंडावा देणारेच. दट्ट्याला पाणी शिवत नाही. त्याच्या पोटाखालची उष्णता तेलच घेऊन जाते.

पण माल भरणे वेगळे आणि माल पारखणे वेगळे. पारख म्हणजे काय, ते एका चाचणीवरून पाहा. तांबे, पितळ, झाळ, पोलाद, बीड आणि ॲल्युमिनियम अशा सहा पट्ट्या तोलून एकत्र बांधतात. मुद्दाम क्षार घातलेल्या पाण्यात थोडे कूलंट मिसळून त्यात त्या बुडवतात, ८८ अंशांवर ठेवतात आणि हवेचे बुडबुडे सोडत राहतात. असे ३३६ तास, म्हणजे चौदा दिवस. मग पट्ट्या स्वच्छ करून पुन्हा तोलतात. किती मिलिग्रॅम धातू गेला, यावर कूलंटची लायकी ठरते. रेडिएटरचीही अशीच परीक्षा: दाब हजारो वेळा चढवायचा-उतरवायचा, गरम पाण्यामागून थंड पाणी सोडायचे, हादरे द्यायचे, मिठाच्या फवाऱ्यात ठेवायचे. ज्याची गळती प्रयोगशाळेत सापडली, त्याची घाटात सापडत नाही.

ही विद्या कुठे वाढली? मोटारींची चाचणी करणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून पुण्यात आहे. इंडियन ऑइलचे संशोधन केंद्र १९७२ पासून फरीदाबादला आहे. आपल्या वाट्याला मुख्यतः मिसळणे, भरणे आणि गाडीत चढवणे आले. ज्या वारली, कोकणा, धोडिया घरांतली मुले पाळीवर जातात, त्यांना त्यातून रोजगार मिळाला, हे खरेच. पण करसवलतीने आलेला कारखाना सवलतीपुरताच असतो. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि विक्रीकराची ती जुनी ओढ सरली. उद्या कारखाना हलला, तर यंत्रे ट्रकवर चढतील. कामगाराला त्या पट्ट्या का तोलतात हे कळलेले असेल, तर ते मात्र त्याच्यापाशीच राहील.

सेलवासजवळच्या कराड गावी (आपले साताऱ्याकडचे कऱ्हाड नव्हे) शासकीय तंत्रनिकेतन आहे. तिथल्या मुलांना असे चौदा दिवसांचे प्रयोग स्वतः लावता आले पाहिजेत, आणि त्यासाठी पाणीही खानवेलच्या विहिरीचे, दमणगंगेचे, तलासरीच्या बोअरचे आणावे. कोणत्या गावचे पाणी कोणत्या धातूला किती खाते, याची नोंद आपल्या भागातल्या मुलांच्या हातची असावी. शेतीपंपाच्या डिझेल इंजिनाला, टेम्पोला आणि जीपला ती आजही उपयोगी पडेल. घाटमाथ्यावर डबा घेऊन उतरणाऱ्या ड्रायव्हरला कोणत्या ओढ्याचे पाणी चांगले हे ठाऊक असे. ते ज्ञान तोंडी होते आणि डब्याबरोबर गेले. ते वजनकाट्यावर उतरवून वहीत लिहिणे आपल्या पिढीला जमण्यासारखे आहे.