सोव्हिएत काळातील लिव्होनियन किनारा : सीमाक्षेत्र, स्मृती आणि भाषा

प्रस्तावना :
सीमेचा इतिहास लिहिताना करार, नकाशे व सैन्य यांचा विचार प्रामुख्याने होतो. सीमेवर राहणाऱ्या माणसांचा अनुभव बहुधा दुर्लक्षित राहतो. प्रस्तुत लेखात लॅटव्हियातील उत्तर कुर्झेमेच्या लिव्होनियन किनाऱ्याच्या आधारे या अनुभवाचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी :
लिव्होनियन ही एस्टोनियन भाषेशी नाते असलेली फिन्नो-उग्रिक भाषा होय. विसाव्या शतकात तिचे भाषक मुख्यत्वे बाल्टिक समुद्रकाठच्या बारा मच्छीमार खेड्यांत राहत होते. १९२३ मध्ये लिव्होनियन संघ स्थापन झाला. १९३९ मध्ये फिनलंड, एस्टोनिया व हंगेरी या भाषाबंधू देशांच्या साहाय्याने माझिर्बे येथे समाजगृह उभे राहिले. १९४० मध्ये सोव्हिएत संघाने लॅटव्हिया ताब्यात घेतला. पुढे जर्मन अंमलानंतर सोव्हिएत सेना परतू लागली, तेव्हा १९४४-४५ मध्ये अनेक जण होड्यांतून स्वीडनला गेले.

सीमाक्षेत्रातील जीवन :
युद्धानंतर हाच किनारा सोव्हिएत संघाची पश्चिम सीमा बनला. बाहेरच्या माणसास तेथे येण्यासाठी परवाना लागे. रात्री पुळणीवर जाण्यास मनाई होती. पावलांचे ठसे ओळखता यावेत म्हणून वाळू कुळवून ठेवली जाई आणि अंधारात सर्चलाइटचा झोत किनाऱ्यावरून फिरे. या गोष्टी किनारवासीयांच्या आठवणींत वारंवार येतात. पहारा समुद्राच्या दिशेने असला तरी संशय गावकऱ्यांवरही होता, हे त्यांतून स्पष्ट होते.

मासेमारी सामूहिक संस्थांकडे व मोजक्या मोठ्या बंदरांकडे गेली. लहान खेड्यांतील होड्या निरुपयोगी ठरल्या. माझिर्बेच्या झाडीत कुजत पडलेले सांगाडे आज 'होड्यांची स्मशानभूमी' म्हणून ओळखले जातात. उपजीविका गेल्यावर तरुण गाव सोडून गेले आणि घराघरांतील भाषाव्यवहार खंडित झाला.

अर्थात भाषेच्या ऱ्हासाचे सारे खापर सीमाक्षेत्रावर फोडता येणार नाही. लॅटव्हियन भाषेतील शिक्षण, मिश्र विवाह व दोन महायुद्धांतील स्थलांतरे ही कारणेही होतीच. तथापि, जो समाज सावरू शकला असता, त्याच्या पायाखालची पुळणच या व्यवस्थेने काढून घेतली.

निष्कर्ष :
लिव्होनियन ही मातृभाषा असलेली शेवटची व्यक्ती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ग्रिझेल्डा क्रिस्टिन्या यांचा जन्म १९१० मध्ये वाइदे या किनाऱ्यावरील खेड्यात झाला. १९४४ मध्ये त्या होडीने स्वीडनला गेल्या आणि २०१३ मध्ये कॅनडात निवर्तल्या. ज्या समुद्राची वाट पुढे बंद झाली, त्याच वाटेने गेलेल्या व्यक्तीने ही भाषा अखेरपर्यंत जपली. १९९१ मध्ये लॅटव्हिया पुन्हा स्वतंत्र झाला व किनारा खुला झाला. २०१८ मध्ये लॅटव्हिया विद्यापीठात लिव्होनियन संस्थाही स्थापन झाली. परंतु किनारा खुला करणे आणि तेथील समाज पुन्हा उभा करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. सरकारी कागदपत्रांत सुरक्षिततेचा विषय असलेली सीमा स्थानिकांच्या स्मृतीत समुद्र हिरावल्याची कथा बनते. म्हणूनच सीमेच्या अभ्यासात मौखिक स्मृतींना पूरक साधन न मानता प्रमुख साधनाचे स्थान देणे आवश्यक ठरते.