मधुमेहातील सततचा थकवा : कारणे, तपासण्या आणि दैनंदिन उपाय

मधुमेह म्हटला की साखरेचा आकडा, पथ्य, गोळ्या, डोळे, पाय आणि मूत्रपिंड यांची चर्चा होते. रुग्णाला रोज छळणारी तक्रार मात्र अनेकदा निराळी असते. सकाळी उठल्यावरही अंग जड वाटते, दुपारी जेवणानंतर डोळे मिटू लागतात आणि जिना चढताना पायांत त्राण उरत नाही. ही तक्रार अहवालाच्या कागदावर दिसत नाही. त्यामुळे घरचे लोक तिला आळस म्हणतात, रुग्ण स्वतः तिला वय म्हणतो आणि मूळ कारण शोधायचे राहून जाते.

गोमंतकीय वाचकांसाठी हा विषय दूरचा नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंडियाब’ सर्वेक्षणात देशातील मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के आढळले. गोव्यात ते २६.४ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक होते. वीस वर्षांवरील दर चार व्यक्तींमागे एकीहून अधिक व्यक्तींना हा विकार असेल, तर त्यासोबत येणारा थकवा ही घरोघरची गोष्ट ठरते.

मराठी कुटुंबे जिथे पिढ्यान्पिढ्या वसली आहेत, त्या ग्वाल्हेरातही हेच चित्र वेगळ्या पार्श्वभूमीवर पाहता येते. तेथील बिर्ला नगर ही १९२१ साली स्थापन झालेल्या जियाजीराव कॉटन मिलभोवती वाढलेली कामगार वसाहत आहे. गिरणी १९९०च्या दशकात बंद पडली. त्या वेळी चाळिशीत असलेला कामगार आज सत्तरी ओलांडून गेला आहे. पाळ्यांत गेलेली उमेदीची वर्षे, पुढे सुटलेले अंगमेहनतीचे काम आणि उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांपलीकडे जाणारा पारा अशा परिस्थितीत मधुमेही व्यक्तीच्या थकव्याला एकच कारण असणे कठीण. प्रस्तुत लेखात ही कारणे एकेक करून पाहू.

साधा थकवा आणि आजाराचा थकवा

श्रमानंतर येणारा आणि विश्रांतीने जाणारा थकवा स्वाभाविक असतो. पुरेशी झोप घेऊनही न जाणारा, काही आठवडे टिकणारा आणि नेहमीच्या कामांत अडथळा आणणारा थकवा मात्र तपासण्याजोगा आहे. कर्नालचे डॉ. संजय कालरा आणि हैदराबादचे डॉ. राकेश सहाय या अंतःस्रावशास्त्रज्ञांनी २०१८ साली या तक्रारीसाठी ‘डायबेटिस फटीग सिंड्रोम’ ही संज्ञा मांडली. साखरेतील बिघाड, सोबतचे आजार, औषधे, आहार, जीवनशैली आणि मनःस्थिती या सगळ्यांचा एकत्रित विचार केल्याशिवाय हा थकवा उलगडत नाही.

साखर वाढली की

पेशींना ऊर्जा ग्लुकोजपासून मिळते आणि ते पेशींत शिरण्यासाठी स्नायू व चरबीला इन्शुलिन लागते. इन्शुलिन अपुरे पडले किंवा त्याला शरीर दाद देईनासे झाले, की रक्तात साखर भरपूर असूनही स्नायू उपाशी राहतात. धान्याने भरलेल्या कोठाराला कुलूप असावे, तशी ही अवस्था होय.

रक्तातील साखर साधारणपणे १८० मिलिग्रॅमच्या पुढे गेली, की मूत्रपिंडे ती लघवीवाटे टाकू लागतात. साखरेसोबत पाणी आणि क्षारही जातात. शरीर कोरडे पडते, रात्री दोन-चार वेळा उठावे लागते आणि झोप तुटते. सकाळच्या थकव्याचे मूळ अशा वेळी आदल्या रात्रीत असते. ग्वाल्हेरच्या कोरड्या उन्हाळ्यात किंवा गोव्यातील घामट मे महिन्यात हा कोरडेपणा अधिकच जाणवतो.

उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. अती उष्णतेने इन्शुलिनची शक्ती कमी होते. न उघडलेल्या कुप्या शीतकपाटात ठेवाव्यात, मात्र बर्फाच्या कप्प्यात ठेवू नयेत. वापरात असलेली कुपी तीस अंशांखाली ठेवावी आणि साधारण चार आठवड्यांत संपवावी. वीज जात असेल, तर ओल्या वाळूत ठेवलेल्या मातीच्या मडक्याचा उपयोग होतो. मात्रा तीच असूनही उन्हाळ्यात साखर आणि थकवा दोन्ही वाढले असतील, तर साठवणुकीकडे आधी पाहावे.

साखर उतरली की

रक्तशर्करा ७० मिलिग्रॅमखाली गेल्यास घाम, थरथर, धडधड, चिडचिड आणि एकाएकी गळून गेल्यासारखे वाटते. इन्शुलिन तसेच ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांत हा धोका अधिक असतो. झोपेत साखर उतरली तर रुग्णाला ते कळतही नाही. घामाने भिजलेले कपडे, वाईट स्वप्ने, सकाळची डोकेदुखी आणि दिवसभराची मरगळ एवढ्याच खुणा मागे राहतात. रात्री उपाशीपोटी घेतलेले मद्य यकृतातून होणारा साखरेचा पुरवठा रोखते. त्यामुळे फेणी असो वा बिअर, या औषधांवर असलेल्या व्यक्तीने हा धोका डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलून घ्यावा.

अशा वेळी तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून घ्यावे, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि साखर सावरल्यावर काही तरी खावे. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. तातडीने रुग्णालय गाठावे.

दीर्घकाळ तीनशेच्या घरात साखर असलेल्या व्यक्तीला उपचार सुरू झाल्यावर एकशेवीस-दीडशेवरही साखर उतरल्याची लक्षणे जाणवू शकतात. शरीर उंच पातळीला सरावलेले असते. काही आठवड्यांत ते सावरते. ‘गोळीने अशक्तपणा आला’ म्हणून औषध सोडण्याची चूक बहुधा याच टप्प्यावर होते.

आकडा चांगला, तरी थकवा

साखर आटोक्यात असूनही थकवा हटत नसेल, तर इतर कारणांकडे वळावे लागते.

पहिले कारण म्हणजे ‘ब१२’ जीवनसत्त्वाची कमतरता. मेटफॉर्मिन हे उत्तम आणि स्वस्त औषध आहे. परंतु ते अनेक वर्षे घेतल्यास काही रुग्णांत या जीवनसत्त्वाचे शोषण घटते. त्यात शाकाहारी आहाराची भर पडते, कारण वनस्पतिजन्य अन्नात ब१२ जवळपास नसतेच. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश पुरुषांत ब१२ची पातळी कमी आढळली होती. थकवा, पायांतील मुंग्या, जिभेची आग आणि विस्मरण ही या कमतरतेची लक्षणे असतात. मुंग्यांना सरसकट ‘साखरेचा परिणाम’ मानून चालत नाही. कमतरता गोळ्यांनी किंवा इंजेक्शनांनी भरून निघते. मेटफॉर्मिन मात्र स्वतःच्या मनाने थांबवू नये.

दुसरे कारण रक्तक्षय. लोहाची कमतरता स्त्रियांत सर्रास आढळते. शिवाय मूत्रपिंडे दुबळी झाली, की रक्तपेशी घडवण्यास चालना देणारे एरिथ्रोपोएटिन कमी पडते. येथे एक तांत्रिक मुद्दा महत्त्वाचा आहे. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ही चाचणी लाल रक्तपेशींवर अवलंबून असते. लोहाच्या कमतरतेत तिचा आकडा खोटा वाढू शकतो, तर पेशी लवकर नष्ट होत असल्यास खोटा घटू शकतो. म्हणून हिमोग्लोबिन कमी असलेल्या रुग्णाने केवळ एचबीए१सीवर विसंबू नये. घरच्या तपासणीशी तो आकडा जुळतो का, हे पाहावे.

तिसरे कारण थायरॉइड ग्रंथीची मंदगती. वजन वाढणे, थंडी सोसवेनाशी होणे, बद्धकोष्ठ आणि कोरडी त्वचा अशी लक्षणे असल्यास टीएसएच तपासून घ्यावे.

चौथे कारण झोपेतील श्वासरोध, ज्याला ‘स्लीप ॲप्निया’ म्हणतात. मोठ्याने घोरणे, मध्येच श्वास अडकणे, दचकून जाग येणे आणि दिवसा बसल्याजागी पेंगणे ही त्याची लक्षणे. रुग्णाला स्वतःला हे कळत नाही, शेजारी झोपणाऱ्याला कळते. म्हणून डॉक्टरांकडे जाताना पती किंवा पत्नीने सोबत असणे उपयोगाचे ठरते.

हृदय आणि क्षयरोग यांचाही विचार हवा. मधुमेहात नसा बोथट झाल्याने हृदयाला रक्तपुरवठा कमी पडत असतानाही छातीत दुखत नाही, थोड्या श्रमाने येणारा नवा थकवा आणि धाप एवढेच दिसते. मधुमेहींना क्षयरोगाचा धोका इतरांच्या तुलनेत दोन ते तीनपट असतो. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा बारीक ताप आणि घटते वजन असल्यास थुंकी तपासावी. ही तपासणी आणि उपचार सरकारी केंद्रांत विनामूल्य होतात.

रक्तदाबाच्या काही गोळ्या, लघवी वाढवणारी औषधे आणि क्वचित कोलेस्टेरॉलवरील स्टॅटिन यांनीही गळल्यासारखे वाटते किंवा स्नायू दुखतात. सर्व औषधांच्या पट्ट्या एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवाव्यात.

मन थकते तेव्हा

मधुमेहाला सुट्टी नसते. रोजचे मोजमाप, प्रत्येक घासामागचा हिशेब, लग्नसमारंभातील आग्रह आणि ‘आता एवढे खाल्लेत, मग साखर वाढणारच’ हे शेरे यांनी माणूस आतून दमतो. या अवस्थेला ‘मधुमेहाचा मनस्ताप’ म्हणून वैद्यकशास्त्रात स्वतंत्र स्थान आहे. विल्यम पोलोन्स्की आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली तो मोजण्यासाठी प्रश्नावली तयार केली. नैराश्य याहून वेगळे आहे आणि ते मधुमेहींत इतरांच्या तुलनेत अधिक आढळते. दोन आठवडे सतत उदासी, कशातच रस नसणे आणि निरर्थकपणाची भावना असल्यास मदत घ्यावी. केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक चोवीस तास उपलब्ध आहे.

कोणत्या तपासण्या कराव्यात

सर्व तपासण्या एकाच वेळी करण्याची गरज नसते. आधी आठवडाभराची नोंद ठेवावी. थकवा केव्हा आला, त्या वेळी साखर किती होती, आधी काय खाल्ले, झोप किती झाली आणि कोणती गोळी घेतली, एवढे पाच रकाने पुरेत. या एका पानावरून डॉक्टरांना दिशा मिळते. त्यानंतर एचबीए१सी, हिमोग्लोबिनसह रक्तगणना, क्रिएटिनिन, लघवीतील अल्ब्युमिन, टीएसएच आणि ब१२ या तपासण्यांपासून सुरुवात होते. गरजेनुसार हृदयालेख, ड जीवनसत्त्व किंवा झोपेची तपासणी केली जाते. बहुतेक प्रौढांसाठी एचबीए१सी सातच्या आसपास हे लक्ष्य असते. अशक्त वृद्धांसाठी ते सैल ठेवतात, कारण त्यांच्या बाबतीत साखर उतरणे अधिक घातक ठरते.

आहार आणि हालचाल

दुपारच्या गुंगीचे कारण बऱ्याचदा ताटात सापडते. गोव्यात भाताचा डोंगर आणि सकाळ-संध्याकाळचा पाव, तर ग्वाल्हेरात पोहे-जिलेबी, कचोरी आणि थंडीत गजक हा जिव्हाळ्याचा आहार. यांतील पिष्ट आणि साखर झपाट्याने रक्तात उतरते. पदार्थ बंद करण्यापेक्षा वाटा बदलावा. अर्धे ताट भाज्या-कोशिंबिरीचे, पाव ताट डाळ, उसळ, दही, अंडी किंवा मासळीचे आणि पाव ताट भात किंवा भाकरीचे असावे. उपवासाची साबुदाणा खिचडी जवळजवळ संपूर्ण पिष्टमय असते. इन्शुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांनी उपवासापूर्वी मात्रेविषयी विचारून घ्यावे. मूत्रपिंड किंवा हृदय दुबळे असेल, तर प्रथिने आणि पाणी यांचे प्रमाणही डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

थकलेल्याला व्यायाम सांगणे विसंगत वाटेल, परंतु स्नायू हेच ग्लुकोजचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक आहेत. डॉ. याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘द लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना मांडली होती. दोघांचाही देहभार निर्देशांक २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. सडपातळ दिसणाऱ्या भारतीय देहात स्नायू कमी आणि चरबी अधिक असू शकते, हे त्यातून ठळक झाले. म्हणून चालण्याइतकेच स्नायूंना ताकद देणारे व्यायाम महत्त्वाचे आहेत.

आठवड्याला दीडशे मिनिटांची मध्यम हालचाल आणि दोन-तीन दिवस ताकदीचे व्यायाम हे उद्दिष्ट असावे. आरंभ मात्र जेवणानंतर दहा मिनिटांच्या चालण्याने करावा. खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे हा वृद्धांसाठीही चांगला आरंभ आहे. उन्हाळ्यात सूर्योदयापूर्वी चालावे. अनवाणी चालू नये. रात्रपाळी करणाऱ्यांनी, मग ते कारखान्यात असोत वा पर्यटन व्यवसायात, जेवणाच्या व औषधाच्या वेळा पाळीनुसार डॉक्टरांकडून बांधून घ्याव्यात आणि दिवसाची झोप अंधाऱ्या, शांत खोलीत घ्यावी.

विलंब न करण्याची लक्षणे

थकव्यासोबत छातीत दडपण, धाप, दरदरून घाम, एका बाजूची कमजोरी किंवा बोलण्यात अडखळ आल्यास वाट पाहू नये. उलट्या, पोटदुखी, खोल व जलद श्वास आणि श्वासाला फळासारखा वास ही शरीरात आम्ले साठल्याची खूण असू शकते. ग्लानी, सतत तीनशेपुढील साखर किंवा पायाची चिघळलेली जखम हीदेखील त्याच दिवशी रुग्णालय गाठण्याची कारणे आहेत. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे.

घरच्यांची भूमिका

मधुमेही गृहिणीचा थकवा सर्वांत उशिरा ध्यानात येतो. सर्वांना वाढून झाल्यावर ती जेवते, तिच्या गोळीची वेळ टळते आणि तपासणी पुढच्या महिन्यावर जाते. गिरणी किंवा कार्यालय सोडून घरी बसलेला वडीलधारा पुरुष ‘काही नाही, वयच झाले’ म्हणून विषय संपवतो. घरच्यांनी त्यांना टोमणे मारू नयेत आणि पथ्याची पहारेदारीही करू नये. ठरलेल्या वेळी ताट वाढावे, जेवणानंतर सोबत चालावे आणि डॉक्टरांकडे जाताना बरोबर जावे. एवढ्याने पुष्कळ काम होते.

मधुमेह आहे म्हणून थकवा सोसलाच पाहिजे, असा नियम नाही. बहुतांश कारणे साध्या तपासण्यांत सापडतात आणि त्यांतील अनेकांवर उपचार आहेत. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी ‘साखर कशी आहे?’ असे विचारले, तर आकड्यासोबत थकव्याविषयीही सांगावे आणि आठवड्याच्या नोंदीचे पान त्यांच्यापुढे ठेवावे.